वीतभर खालची राख

"वीतभर खाली!" महाराज गरजले, आणि तीन-चारशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

डोंगराच्या उतारावर, सुयांसारख्या पानांच्या उंचच उंच झाडांखाली सगळी गर्दी दाटली होती. म्हातारीकोतारी घडीच्या खुर्च्या घेऊन आलेली, बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या, तरुण मंडळी बुंध्यांना लटकलेली. ज्याला पुढचं दिसत नव्हतं तो शेजाऱ्याला ढोसत होता, "निघाली का? अहो, निघाली का?" महाराजांनी काठी टेकवली होती तिथं एक धट्टाकट्टा भक्त कुदळ मारत होता. आधी पाचोळा उडाला, मग काळी माती आली, आणि बरोबर वीतभर खोलीवर कुदळीच्या पात्याला पांढुरकी, करडी भुकटी लागली.

"निघाली! राख निघाली!"

एकच गलका झाला. वर कुठे जाळ नाही, धूर नाही, जळका ओंडका नाही, आणि जमिनीच्या पोटात राख! माझ्या शेजारच्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

महाराजांनी हात वर केला. "माणसाला दुःख झालं की माणूस बोंबलतो. डोंगर बोंबलत नाही. डोंगर ते पोटात जाळतो! ही त्याची राख. आणि राखेखाली काय? खण रे, थांबू नकोस." आणखी चार घाव बसले. खाली तांबडाभडक थर लागला. "हे बघा! डोंगराच्या काळजाचं रक्त! ज्याने स्वतःचं एवढं जाळलं, तो तुमचं जाळणार नाही? खोकला जाळेल, सांधे जाळेल, पोरांची नापासी जाळेल, सुनेचा स्वभाव जाळेल!"

"आणि सासूचा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"सासूला दोन चिमट्या!" महाराज म्हणाले. सगळा डोंगर हसला. माणूस बेरकी होता, यात शंकाच नाही.

एक पोस्टमन मात्र हसला नाही. "महाराज, मी खणून बघू का?" त्याने विचारलं.

"खण की. पण तू संशयी. संशयी माणसांची बाजू तिकडे, ओढ्याकडची." महाराजांनी काठीने खालची झाडी दाखवली. पोस्टमनने तिथं गुडघाभर खड्डा केला. वरपासून खालपर्यंत नुसती काळी-तपकिरी माती. राखेचा कणही नाही. लोकांनी त्याची अशी काही हुर्यो उडवली, की बिचारा सायकल हातात धरून मुकाट्याने निघून गेला.

आता मी कोण ते सांगते. मी मातीवाली. जंगलखात्यासाठी डोंगरउतारावर माणूसभर खोल खड्डे खणून घ्यायचे, खड्ड्याच्या भिंतीवर दिसणारे थर टेप लावून मोजायचे, त्यांचा रंग रंगपट्टीच्या पुस्तकाशी जुळवायचा, माती बोटांत चोळून, वेळ पडली तर दाताखाली धरून बघायची, आणि शेवटी ती कुठल्या वर्गातली ते ठरवून फॉर्म भरायचा. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. बायका नवऱ्याच्या हातचं खात नाहीत, मी डोंगरांची माती चाखली आहे. त्यामुळे ती "राख" बघून मला आधी खुदकन हसूच आलं. असले फिकट थर मी शेकड्याने लिहून काढले होते.

माझं हसू मावळलं ते पुढच्या दोन मिनिटांत. महाराज स्वतः खड्ड्यात उतरले. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि ज्या भिंतीवर ऊन पडलं होतं तीच भिंत वरून खाली, वरून खाली खरवडून साफ केली. मग प्रत्येक थरातलं एकेक ढेकूळ काढून गोणपाटावर ओळीने मांडलं. सगळ्यांत वरचं डावीकडे, सगळ्यांत खालचं उजवीकडे.

मातीच्या भिंतीला असा हात फक्त आमच्या धंद्यातली माणसं लावतात. खालून वर खरवडलं तर खालची माती वरच्या थराला माखते आणि रंग चुकतो. आणि गोणपाटावर डावीकडून उजवीकडे मांडायची पद्धत तर माझी स्वतःची होती. मी दाढीकडे नीट बघितलं. दाढीमागे कुदळ्या होता.

सात वर्षं तो माझ्यासोबत खड्डे खणायचा. आम्ही सगळे त्याला कुदळ्याच म्हणायचो, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही म्हणावं असं कधी मनातही आलं नव्हतं. मी झाडांवर नजर टाकायची, उतार बघायची आणि ऐटीत बोट दाखवायची, "खण इथं. वीतभर खाली पांढरा पट्टा निघेल." निघायचा. तो डोळे फाडून माझ्याकडे बघत राहायचा. मला ते फार आवडायचं. त्याने एकदा विचारलंही होतं, "बाई, हे कसं कळतं?" मी काय उत्तर दिलं होतं ते मात्र त्या दिवशी काही केल्या आठवेना.

"बघितलंस ना, ताई?" माझा धाकटा भाऊ माझ्या कानाशी म्हणाला. त्यानेच मला इथं ओढून आणलं होतं. त्याच्या तळहातावर कागदाची पुडी होती. त्याने त्या राखेची चिमूट जिभेवर टाकली, डोळे मिटले आणि गिळली. आणि मग त्याला खोकला आला. तो खोकला संपेचना.

* * *

भाऊ सुतार. गावाच्या टोकाला त्याची कार्यशाळा, आणि तिच्या मागच्या दोन खोल्यांत संसार: तो, भावजय आणि माझी अकरा वर्षांची भाची. सात महिन्यांपूर्वी त्याला टीबी निघाला. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, सहा महिने रोज घ्यायच्या. मी तेव्हा दूरच्या डोंगरात सर्वेक्षणावर होते. फोनवर विचारायची, "गोळ्या घेतोस ना?" तो म्हणायचा, "हो गं बाई, हो." मी फोन ठेवायची.

त्या दिवशी डोंगरावरून उतरून आम्ही कार्यशाळेत शिरलो. तो रंध्याच्या बाकावर बसला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"गोळ्या संपल्या ना तुझ्या? मग हा खोकला कसला?" मी विचारलं.

भावजय दारातून म्हणाली, "ताई, यांनी दोन महिनेच घेतल्या. पुढच्या आणतात आणि त्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. मी रडले, भांडले. माझं कोण ऐकतंय?"

"दोन महिने?" माझा आवाज चढला. "अरे गाढवा, सहा महिने घ्यायच्या असतात त्या!"

"बरं वाटायला लागलं होतं," तो म्हणाला. "तेव्हाच राख सुरू केली होती. आठवड्यात खोकला थांबला. मग म्हटलं, हिनेच बरं वाटतंय तर मूठभर गोळ्या कशाला गिळायच्या?"

"दोन महिने गोळ्या पोटात गेल्या म्हणून थांबला तो! राखेने नाही!"

"मग आता परत आलाय तो?"

"तेच तर सांगते आहे. दोन महिन्यांत अर्धेमुर्धे जंतू मेले. जे चिवट होते ते उरले. तू गोळ्या सोडल्यास आणि त्यांना मोकळं रान मिळालं. महाराज काय म्हणतात?"

"जुनं दुःख बाहेर पडतंय म्हणतात."

"डोंबल पडतंय! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं का हे सगळं?"

"त्या म्हणाल्या, घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. का, ते नाही सांगितलं. बाहेर साठ माणसं रांगेत उभी होती." तो जरा थांबला, दम घेतला. "महाराज तासभर माझ्याशी बोलतात, ताई. माझं नाव त्यांना पाठ आहे."

मी त्याच्या बरगड्यांकडे बघत होते. शर्टाच्या आतून मोजता आल्या असत्या. लहानपणी याच पोराला मी पाठीवर घेऊन शाळेत नेलं होतं, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत तो झिजत होता.

"ताई," तो म्हणाला, "तुझ्याशी वाद घालायला मला दम नाही गं. एवढंच कर. ती राख नाही हे मला दाखव. खाली आहे ते रक्त नाही हे दाखव. नुसतं म्हणू नकोस, दाखव. पटलं की मी गोळ्या घेईन. तुझी शपथ."

म्हणजे आता सगळं माझ्यावर आलं. भावाचा जीव एका वीतभर मातीवर अडकला होता, आणि माती हा तर माझा विषय.

मी खिशातून रुमाल काढला. त्यात उतारावरून उचललेला तांबड्या थराचा मुटका होता. जित्याची खोड, दुसरं काय. "तुझ्याकडे ती लाकडावरचे डाग काढायची पांढरी पूड आहे ना?" मी विचारलं. "ती कशासाठी वापरतोस?"

"खिळ्याचा डाग पडतो लाकडावर, तो काढायला," तो म्हणाला. त्याच्या धंद्याचं विचारल्यावर त्याला जरा उभारी आली. "डाग म्हणजे खिळ्याचं लोखंडच. लाकडात उतरलेलं. ही पूड गरम पाण्यात घालून लावली की लोखंड सुटतं आणि लाकूड उजळतं. आंबट असते ती. पण विषारी हं, तोंडात नाही घालायची."

"टाक या बरणीत. वर कढत पाणी ओत."

त्याने टाकली, ओतलं. मी तांबडी माती त्यात सोडली. भाची हनुवटी बाकावर टेकवून बरणीकडे बघत बसली. पाणी निवलं की भावजय पुन्हा गरम करून आणत होती. तासाभरात तांबडा रंग उतरायला लागला. पाणी पिवळसर झालं आणि तळाला फिकट कण उरले. भावाने वरचं पाणी ओतून टाकलं, गाळ दोन-तीनदा धुतला आणि बोटांत चोळला. खिशातली पुडी उघडून शेजारी ठेवली. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"हे तर तेच आहे," तो हळूच म्हणाला.

"तेच आहे. तांबडं म्हणजे लोखंडाचा गंज. तो सुटला की खाली उरते ती वाळू."

"पण जंगलात माझी पूड कोण टाकायला गेलंय?"

"झाडं. ती सुयांची पानं खाली पडून कुजतात, त्यांचं पाणी आंबट होतं. पाऊस पडला की ते आंबट पाणी जमिनीत मुरतं आणि वरच्या मातीतलं लोखंड सोडवून खाली नेतं. वर राहते धुतलेली पांढरी वाळू, आणि खाली गंज साचतो. हजारो वर्षं हे असंच चाललंय. कुणी काही जाळलेलं नाही की कुणाचं रक्त सांडलेलं नाही."

"आणि ओढ्याकडे का नाही निघत?"

"तिकडे रुंद पानांची झाडं आहेत. त्यांचा पाला गोडसर. गांडुळं तो खातात, माती वरखाली करतात. पट्टा पडायला वावच नाही. पोस्टमनला महाराजांनी मुद्दाम तिकडे पाठवलं."

भावाने पुडी बाकावर उलटी केली. मग म्हणाला, "म्हणजे मी वाळू खाल्ली."

"हो रे."

"पाच महिने."

भाचीने त्याचा हात धरला.

* * *

सोमवारी सकाळी सातलाच आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई आधी चिडल्या, मग त्याच्याकडे बघून त्यांचा राग गेला. थुंकी तपासणीला पाठवली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. निकाल यायला वेळ लागणार होता. भावाने त्यांच्यासमोरच पहिली मात्रा घेतली आणि जीभ दाखवली, शाळेतल्या पोरासारखी.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रविवारी वर जायचं."

"तू घरी झोपायचंस."

"ताई, माझ्या ओळखीच्या दोघांना मीच राख द्यायला लागलो होतो. त्यातल्या एकाच्या बायकोने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात. मला जायलाच हवं."

रविवारी पुन्हा तीच गर्दी, तेच "निघाली का". महाराज काठी घेऊन फिरू लागले तशी मी पुढे झाले. त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण तोंड चालूच राहिलं. "या बाई, या! डोंगर सगळ्यांचा आहे!"

"मग मीही जरा सांगून बघते," मी म्हटलं. "माझी श्रद्धा म्हणाल तर शून्य आहे. हे झाड दिसतंय? याच्याखाली चार बोटांवर." भाचीने खुरपीने खणलं. चार बोटांवर पांढरं निघालं. "तिथं वर, उतार मंदावलाय तिथं, वीतभर आणि वर दोन बोटं." निघालं. "आणि त्या रुंद पानांच्या झाडाखाली काही नाही." काही नव्हतं. "महाराज, तुम्ही तिथं राख काढून दाखवा. तुमची श्रद्धा दांडगी आहे ना?"

महाराज हलले नाहीत. जमाव कुजबुजायला लागला. मला वाटलं, जिंकले!

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली आणि तिने माझे दोन्ही हात कपाळाला लावले. "बाई, तुम्हालाही दिसतं!" ती म्हणाली. "माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवा." तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. महाराज राहिले बाजूला, माझ्याभोवतीच रांग लागायला लागली. आणि खोटं कशाला बोलू? क्षणभर मला बरं वाटलं. अगदी तसंच, जसं कुदळ्या डोळे फाडून बघायचा तेव्हा वाटायचं.

"ताई!" भाऊ खुर्चीतून ओरडला. एवढ्या ओरडण्याने त्याला धाप लागली. "अगं सांग ना त्यांना! कसं ते सांग!"

मी भानावर आले. पिशवीतून आमच्या कामाची आम्लाची छोटी बाटली काढली. चहावाल्याच्या शेगडीतली राख मागवली, तिच्यावर थेंब टाकले. फसफस करून बुडबुडे आले. "ही खरी राख. आता ही महाराजांची." थेंब पडले आणि मुकाट्याने मुरले. एक बुडबुडा नाही. "दाताखाली धरून बघा, करकर लागते. नुसती वाळू आहे ही." मग झाडं दाखवली, पाला दाखवला, आंबट पाणी, लोखंड, सगळं सगळं सांगितलं. लोक ऐकत होते, पण कपाळावर आठ्या होत्या. माझी भाषा फॉर्म भरायची. तिथून पुढचं भावाने केलं.

तो खुर्चीतून उठला. चहावाल्याच्या शेगडीवर पाणी तापवलं, बरणीत पूड टाकली, तांबडी माती टाकली आणि बोलायला लागला. खिळा, डाग, लाकूड. चार वाक्यं झाली की थांबायचा, खोकायचा, पुन्हा बोलायचा. "हे रक्त असेल तर मी रोज कपाटांचं रक्त काढतो," तो म्हणाला, तेव्हा दोन-चार जण हसले. तासभर लोक तिथंच उभे राहिले. बरणी हातोहात फिरली. लाल माती फिकट झालेली ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघितली.

"मी पाच महिने गोळ्या सोडून ही वाळू खाल्ली," भाऊ शेवटी म्हणाला. "मला बघा आणि घरी जाऊन आपापली औषधं घ्या. माझं एवढं ऐका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं खाली मान घालून, खुर्च्या घडी करून उतरायला लागली. काहींनी मला शिव्या घातल्या. एका बाईने जाता जाता पुडी पाचोळ्यात टाकली आणि चार पावलांवरून परत येऊन उचलून नेली.

शेवटी खड्ड्यापाशी मी आणि महाराज उरलो. मला त्याच्या दाढीला धरून ओढावंसं वाटत होतं. "लाज नाही वाटली?" मी म्हटलं. "माझ्या हाताखाली शिकून माझ्याच भावाचा गळा कापलास?"

"ते तुमचे भाऊ आहेत हे मला ठाऊक नव्हतं, बाई."

"दुसऱ्या कुणाचे भाऊ असते तर चाललं असतं?"

त्याने काठी खाली टाकली. मग म्हणाला, "यंत्रं आली, तुम्ही आम्हाला काढलंत. मला एवढंच येत होतं, पट्टा कुठे निघेल ते. झाडं बघून मी मनाशी बसवलं होतं. लोकांनी विचारलं तर दाखवायचो. ते हात जोडायला लागले. एकाला बरं वाटलं, त्याने दहा आणले. मग मलाही वाटायला लागलं, असेलही काही त्यात."

"आणि कुणी विचारलं नाही, कसं कळतं म्हणून?"

"विचारायचे की." त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "मी म्हणायचो, ते तुला नाही कळायचं. तुमचंच उत्तर आहे, बाई. मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला. तिन्ही वेळा तुम्ही हेच म्हणालात."

तेव्हा मला आठवलं. हसत म्हटलं होतं मी, रंगपट्टीचं पुस्तक मिटत. ते तुला नाही कळायचं.

* * *

निकाल आला. गोळ्या अर्धवट सोडल्यामुळे उरलेले जंतू त्यांना सरावले होते. डॉक्टरीणबाईंनी दुसरी, जड औषधं सुरू केली. या वेळी त्यांनी आम्हाला अर्धा तास बसवून कागदावर फुप्फुस काढून दाखवलं. भावाने एकही मात्रा चुकवली नाही. पण फुप्फुसात उरलंच काय होतं?

शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या खाटेशी बसून असायची. एके दुपारी तो म्हणाला, "ताई, ती बरणी... छान समजावलंस."

"बोलू नकोस, दम लागेल."

"लहानपणी तू सगळं सांगायचीस मला. वीज का चमकते, बर्फ का तरंगतो. मग तू मोठी साहेबीण झालीस." तो हसला. "राग नाही गं. पण आधी सांगायचं होतंस."

त्यानंतर तीन दिवसांनी तो गेला.

आवरताना मी त्याच्या कार्यशाळेतला तो ड्रॉवर उघडला. त्यानेच केलेला, एका बोटाने सरकणारा. आत चार महिन्यांच्या गोळ्यांची पाकिटं महिन्याप्रमाणे लावून ठेवलेली होती, एकही न फाडलेली. फेकून द्यायचं त्याच्या जिवावर आलं असणार. मी तिथंच जमिनीवर बसले आणि गुरासारखी ओरडून रडले.

महिन्याभराने मी आणि भाची तो डोंगरावरचा खड्डा बुजवायला गेलो. आमच्यात खड्डा उघडा टाकायचा नसतो. खालची माती आधी लोटायची, तांबडी, मग पांढरी, काळी सगळ्यांत शेवटी, म्हणजे झाडांची मुळं उपाशी राहत नाहीत. आम्ही सुरुवात केली आणि वर बघते तर कुदळ्या उभा. दाढी काढलेली, हातात कुदळ. तो माती लोटायला लागला. मी त्याला हाकललं नाही. हाकलायला अंगात जीवच नव्हता.

अर्धा खड्डा भरल्यावर तो थांबला. "बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी गर्दीत मला नीट ऐकू आलं नाही. ते पांढरं कसं होतं?"

या माणसाला मी आता काय सांगू? माझा भाऊ गेला होता.

"मी सांगू का, आत्या?" भाची म्हणाली. तिने खुरपी खाली ठेवली, एक मूठ पाला उचलला आणि त्याला म्हणाली, "बसा इथं. घाई नको." तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. तिने पाला कुजण्यापासून सुरुवात केली. खिळ्याचा डाग सांगितला, बाबांची बरणी सांगितली. बरणीपाशी तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. मधेच तो म्हणाला, "हे परत सांग." तिने परत सांगितलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं," तो म्हणाला, आणि हातांत तोंड लपवून रडायला लागला.

दहा मिनिटं. सात वर्षांत माझ्याकडे दहा मिनिटं नव्हती.

म्हणून वाचकहो, हात जोडून सांगते. कुणी जमिनीतून राख काढून दाखवली तर नुसते थक्क होऊ नका, कसं ते विचारा, आणि सांगत नसेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बरं वाटलं तरी औषध सोडू नका. आणि तुम्ही माझ्यासारखे चार बुकं शिकलेले असाल, तर कुणी तुम्हाला "हे कसं?" असं विचारल्यावर हातातलं काम ठेवा, खाली बसा आणि सांगा. कळतं हो. ज्याला त्याला कळतं.